लिंकनचे हुकूम वाचताना या चुका टाळा (त्यातली एक माझी स्वतःची आहे)

आमच्याकडे वक्तृत्व स्पर्धांना मला परीक्षक म्हणून बोलावतात, शिवाय स्पर्धा परीक्षेची पोरं निबंध दाखवायला घरी येतात, त्यामुळे अमेरिकेच्या यादवीतला लिंकन मला वर्षातून निदान वीसदा तरी भेटतो. आणि वीसपैकी अठरा वेळा चुकीचा भेटतो. चुकाही त्याच त्याच, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

मुलाच्या हेडमास्तरांना लिंकननं लिहिलं म्हणून फिरतं ते पत्र आधी बाजूला ठेवा. लिंकननं ते लिहिल्याचा काही पुरावा नाही. शाळेच्या भिंतीवर फ्रेम लावलीय म्हणून ते त्याचं होत नाही. मराठीत ते छान उतरलंय, खुशाल म्हणा, फक्त 'लिंकन म्हणतो' म्हणू नका.

आता मोठी चूक. "१ जानेवारी १८६३ ला लिंकनने एका सहीने सगळे गुलाम मुक्त केले." हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा गाईडात छापलं त्याला शोधतोय मी. अहो, हा मुक्तीचा जाहीरनामा दोन-तीन पानांचा आहे, वाचा की! जी राज्यं बंडात आहेत (म्हणजे संघराज्यातून फुटून निघालेली दक्षिणेतली) तिथलेच गुलाम मुक्त, असं त्यात साफ लिहिलंय. केंटकी, मिसुरी, मेरीलँड, डेलावेअर ही गुलामगिरी असलेली पण फुटून न गेलेली राज्यं, त्यांना हात लावलेला नाही, एकट्या केंटकीत सव्वादोन लाख गुलाम होते. फुटलेल्या टेनेसीचं तर नावच नाही. आणि लुइझियानातले १३ पॅरिश (म्हणजे तिथले जिल्हेच समजा) एकेक नाव घेऊन वगळलेत, त्यात न्यू ऑर्लिन्ससुद्धा. माझ्याकडे या पानाची झेरॉक्स आहे, त्या १३ नावांखाली मी लाल पेननं रेघ मारलीय आणि 'सगळे गुलाम' म्हणणाऱ्या पोराच्या हातात ती देतो, मोठ्यानं वाच म्हणतो. यादीतल्या प्लाकमिन्सपर्यंत येईतो आवाज उतरलेला असतो.

असं का केलं हे समजून घ्या, नाहीतर दुसऱ्या खड्ड्यात पडाल. हा हुकूम त्यानं सरसेनापती म्हणून काढला, युद्धाची गरज म्हणून. जिथं बंडच नाही तिथं तो अधिकार चालत नव्हता, तिथं घटनादुरुस्तीच लागणार होती आणि ती १३ वी दुरुस्ती पूर्ण मंजूर झाली डिसेंबर १८६५ मध्ये, तोवर लिंकन जाऊन आठ महिने झाले होते. हे कळलं की काही अतिशहाणे लगेच उलट्या टोकाला जातात, "म्हणजे कागदी घोडाच होता, एकही गुलाम सुटला नाही". हेही चूक. सैन्य जसजसं पुढे सरकलं तसतसा तो हुकूम जमिनीवर उतरला, आणि त्यानंच काळ्या माणसांना मोठ्या संख्येनं फौजेत यायची वाट उघडली, पावणेदोन लाखांच्या वर लोक लष्करात लढले. यूट्यूबवर दहा मिनिटांचा व्हिडिओ बघून आलेली पोरं याच टोकाची असतात, त्यांना घाई फार.

अर्धं अवतरण ही पुढची चूक. "एकाही गुलामाला मुक्त न करता संघराज्य वाचवता आलं तर मी तसं करीन" असं लिंकननं लिहिलंय, खरंच लिहिलंय, संपादक होरेस ग्रीलीला, २२ ऑगस्ट १८६२ ला. पण पत्राचा शेवट वाचा, तिथं तो म्हणतो की हे झालं माझं पदाचं कर्तव्य, सगळीकडची सगळी माणसं स्वतंत्र असावीत ही माझी स्वतःची इच्छा तशीच आहे. आणि त्याहून गंमत तारखेत आहे. बरोबर एक महिना आधी, २२ जुलैला, त्यानं मुक्तीचा मसुदा मंत्रिमंडळापुढे वाचून दाखवला होता! परराष्ट्रमंत्री सुअर्ड म्हणाला आत्ता काढलात तर हरणाऱ्याची केविलवाणी धडपड वाटेल, एखादी लढाई जिंकू द्या. म्हणून कागद ठेवून दिला, १७ सप्टेंबरला अँटीटमची लढाई झाली आणि पाचव्या दिवशी प्राथमिक जाहीरनामा बाहेर.

आता माझी चूक. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वाचनालयात माझं व्याख्यान होतं. गेटिसबर्गची लढाई जिंकल्यावर उत्तरेच्या जनरल मीडनं दक्षिणेचा सेनापती ली याला नदीपार निसटू दिलं, त्यावर लिंकननं १४ जुलै १८६३ ला मीडला लिहिलेलं पत्र मी अगदी रंगवून वाचलं. तुमची सोन्यासारखी संधी गेली, मला अपार दुःख होतंय वगैरे. टाळ्याही पडल्या. मग दुसऱ्या रांगेतले एक आजोबा उठले, मफलर, हातात पिशवी, आणि शांतपणे म्हणाले, "मग मीडनं काय उत्तर दिलं?" मला घाम फुटला. म्हटलं बघून सांगतो. घरी येऊन मूळ नोंद काढली तर पाकिटावर लिंकनच्याच हातचं लिहिलेलं, जनरल मीड यांना, कधीही न पाठवलेलं, सही न केलेलं. म्हणजे मीडला ते मिळालंच नव्हतं, उत्तर कुठून देणार! वर त्या पत्राची सुरुवात आभारानं आहे, तीही मी गाळली होती कारण ती रंगत नव्हती. पुढच्या महिन्यात आजोबांना गाठून कबूल केलं तर म्हणतात, "मला ठाऊक होतं हो, तुम्ही शोधता का ते बघत होतो."

तेव्हापासून माझी सवय अशी की वहीत चार रकाने आखायचे. तारीख, कोणाला, पाठवलं का, पाळलं का. कंटाळवाणं आहे, पण लिंकनचं लिखाण जवळजवळ सगळं छापलेलं आहे, ऑनलाइन फुकट मिळतं, सुविचारांच्या साइटवर जायचं काही कारणच नाही.

चौथा रकाना का, तर जानेवारी १८६२ चा युद्धहुकूम क्रमांक १ बघा. सगळ्या फौजांनी २२ फेब्रुवारीला हलायचं. उत्तरेचा सेनापती मॅक्लेलन त्या दिवशी जागचा हलला नाही.

बाकीच्या किरकोळ. गेटिसबर्गचं भाषण आगगाडीत पाकिटावर खरडलेलं नव्हतं. हेबियस कॉर्पस (अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागायचा हक्क) पहिल्याच दिवशी देशभर बंद केलं नव्हतं, एप्रिल १८६१ चा हुकूम फिलाडेल्फिया ते वॉशिंग्टन या लष्करी मार्गापुरता होता, देशभराचं सप्टेंबर १८६२ ला. ७५,००० शिपाई मागवले ते तीन महिन्यांसाठी, चार वर्षांसाठी नाही.

आणि "हे अमेरिकेचं, आपल्याला काय" म्हणणाऱ्यांसाठी, १९ एप्रिल १८६१ चा बंदरांच्या नाकेबंदीचा हुकूम. दक्षिणेनं स्वतःही कापूस अडवून धरला होता हे विसरू नका, सगळं लिंकनच्या नावावर टाकू नका, पण दोन्ही मिळून इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापडगिरण्या उपाशी पडल्या आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा इतका आला की शेअर दलाल प्रेमचंद रायचंदच्या मागे लागून लोक समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांचे शेअर घ्यायला लागले. एप्रिल १८६५ मध्ये ली शरण आला, कापूस कोसळला आणि जुलै उजाडेपर्यंत मुंबईतले शेठ दिवाळखोरीच्या रांगेत उभे होते.