फ्लॅटमधील प्लंबिंग आणि नूतनीकरणाची परवानगी : या चुका टाळा

मुंबईत फ्लॅटचे काम काढताना सर्वाधिक घोळ होतो तो सोसायटीचे ना-हरकत पत्र हीच परवानगी समजल्यामुळे. सोसायटी उपविधींनुसार काम करू देण्यास संमती देते. बांधकामात फेरबदल करण्याची मुभा मात्र मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ आणि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ यांच्या चौकटीतच मिळते.

अर्थात, नळ बदलण्यासाठी कोणी वॉर्ड ऑफिस गाठण्याची गरज नाही. गिलावा, रंग, फरशी, तसेच कमोड किंवा वॉश बेसिन जुन्याच जागी बदलणे ही किरकोळ दुरुस्ती असून ती १८८८ च्या अधिनियमातील, इमारतीतील फेरबदलांसाठी परवानगी घ्यायला लावणाऱ्या कलम ३४२ मधून वगळलेली आहे. मुख्य भिंत, खांब किंवा तुळई यांना हात लावणे आणि पोटमाळा वाढवणे त्यात बसत नाही.

खरी गफलत होते ती बाथरूम सरकवताना. ठेकेदार सरसकट ‘रिपेअरिंग’ म्हणतो, पण नहाणी ट्रॅप (फरशीतले सांडपाणी जिथून निघते ते जाळीचे तोंड) डक्टपासून, म्हणजे इमारतीचे उभे पाइप असलेल्या पोकळीपासून, दूर गेला की पाइपला उतार देण्यासाठी फरशीची पातळी उचलावी लागते, स्लॅबला नवे भोक पाडावे लागते आणि खालच्या घरातील बेडरूमवर ओलावा येण्याची शक्यता निर्माण होते. त्यामुळे भिंती हलणार असतील तर आर्किटेक्टकडून मंजूर नकाशा तपासून घेऊन, स्ट्रक्चरल इंजिनिअरचे मत लेखी मिळवून, पालिकेची मंजुरी हाती आल्यावरच हातोडा उचलावा. वॉटरप्रूफिंगनंतर किमान २४ तास पाणी साठवून ठेवावे आणि शेजाऱ्यांसमक्ष खालचे छत पाहून घ्यावे. पुढे गळतीचा वाद उद्भवल्यास तारीख असलेली छायाचित्रे फार उपयोगी पडतात.

काम सुरू झाल्यावर पालिकेची नोटीस आली, तर ती दडवून काम घाईने पुरे करणे ही सर्वांत महागडी चूक आहे. काम तत्काळ थांबवावे. नोटीस १९६६ च्या अधिनियमातील कलम ५३ (विनापरवाना बांधकाम) खालील असेल, तर तिच्यात दिलेल्या मुदतीतच बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम ४४ खाली अर्ज करता येतो. नियमांत न बसणारा भाग मात्र पूर्ववत करावाच लागतो, आणि त्याचा खर्च कोण सोसणार हे ठेकेदाराच्या करारात आधीच लिहून घेतलेले बरे.