बाल न्यायाच्या कामात या चुका टाळा (प्रशिक्षण झालेल्यांनी आधी वाचा)

गुन्ह्याचा आरोप असलेल्या आणि काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठीचा बाल न्याय अधिनियम २०१५ लागू झाला १५ जानेवारी २०१६ पासून. तेव्हापासून जिल्ह्याजिल्ह्यांत त्याची प्रशिक्षणं चालूच आहेत. पोलिसांची, परिविक्षा अधिकाऱ्यांची (मुलाच्या घरची चौकशी आणि देखरेख करणारे), बाल कल्याण समितीच्या सदस्यांची, संस्थांच्या कार्यकर्त्यांची. मीही पुष्कळ घेतली. हॉलमध्ये कलमं घडाघडा म्हणून दाखवणारी माणसं पुढच्याच महिन्यात त्याच त्या चुका करताना दिसतात, म्हणून हे लिहितेय. या कामात नव्याने आलेल्यांना काही वाक्यं झोंबतील. झोंबू देत.

गृहचौकशी फोनवर उरकणे

माझा सगळ्यात जास्त राग याच चुकीवर आहे, त्यामुळे हा भाग लांबणार.

विधिसंघर्षग्रस्त बालकाचा, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलाचा, सामाजिक तपासणी अहवाल परिविक्षा अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत बाल न्याय मंडळाला, म्हणजे अशा मुलांची प्रकरणं चालवणाऱ्या मंडळाला, द्यायचा असतो. कार्यालयात त्याला सगळे गृहचौकशीच म्हणतात. घर, शाळा, काम, मित्र, नातेवाईक, गुन्हा घडला तेव्हाची परिस्थिती, सगळं त्यात यायला हवं. मुलाला कुणाकडे सोपवायचं, देखरेख कशी ठेवायची, शेवटी आदेश काय द्यायचा, हे ठरवताना मंडळापुढे मुलाच्या घरादाराची माहिती देणारा हाच मुख्य कागद असतो. आणि तो तयार कसा होतो? एक फोन वडिलांना, एक फोन पोलीस ठाण्याला, मग जुन्या अहवालाची फाइल उघडायची आणि नाव बदलायचं. "आर्थिक परिस्थिती हलाखीची, वडील व्यसनी, मुलगा वाईट संगतीत." ही वाक्यं मी इतक्या अहवालांत वाचलीत की आता ती दिसली की मी पुढचं पान उलटण्याआधी अहवाल लिहिणाऱ्यालाच फोन लावते.

एका जिल्ह्यातली गोष्ट. मोबाइल चोरीच्या प्रकरणातला सोळा वर्षांचा मुलगा निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथे, होता. अहवालात लिहिलेलं, "पालक संपर्कात नाहीत, घरी जबाबदार व्यक्ती नाही." त्यामुळे तारखेमागून तारीख पडत होती. मी तेव्हा नव्या परिविक्षा अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष गृहचौकशी शिकवत होते, म्हणून मुद्दाम हीच फाइल उचलली. अहवालातला पत्ता वस्तीत कुणाला सांगता येईना. अंगणवाडी सेविकेने मात्र तिथल्या तिथे घर दाखवलं. आईवडील ऊसतोडीला गेलेले. फडावर चार्जिंगची सोय नाही, म्हणून फोन बंद. मुलगा आत्याकडे राहत होता. ही आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहार शिजवते. ती निरीक्षणगृहाच्या फाटकापर्यंत येऊन परत गेली होती, कारण नात्याचा कागद नव्हता. मुख्याध्यापकांनी सांगितलं की त्या वर्षी गावात ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठीचं हंगामी वसतिगृह सुरूच झालं नाही आणि दिवाळीनंतर पोरगा शाळेत यायचा बंद झाला. राहिली ती "वाईट संगत". ती म्हणजे मोबाइल विकत घेणारा एक मोठा माणूस, आणि त्याचं नाव अहवालात कुठेच नव्हतं.

नवा अहवाल जेमतेम दोन पानांचा झाला. मंडळाने मुलाला आत्याकडे सोपवलं आणि परिविक्षा अधिकाऱ्याची देखरेख लावली. मुलगा काही महिने शाळेत गेला, मग सोडली, आता ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात आहे. यशोगाथा म्हणून छापण्यासारखं यात काही नाही. पण तो विनाकारण आत बसला होता, आणि तो का बसला होता ते एका संध्याकाळीत कळण्यासारखं होतं.

माझी सवय सांगते. सकाळी अकराला जायचं नाही, तेव्हा वस्तीत म्हातारी माणसं आणि कोंबड्याच असतात. संध्याकाळी जायचं. विभागाची पाटी लावलेली गाडी लांब उभी करायची. आधी अंगणवाडी ताई किंवा आशा ताई, मग घर, मग शाळा. पहिला अर्धा तास फॉर्म पिशवीतून काढायचा नाही. आणि अहवालात प्रत्येक माहितीपुढे ती कुणी सांगितली ते लिहायचं. एवढं एक बंधन पाळलं तरी "वडील व्यसनी" हे वाक्य निम्म्या अहवालांतून गळून पडतं, कारण ते कुणीच सांगितलेलं नसतं. "मॅडम, एवढा वेळ कुठे असतो, तुम्ही एक नमुना द्या ना," असं म्हणणाऱ्यांना मी नमुना देत नाही. त्याच नमुन्याच्या प्रती पुढची पाच वर्षं मंडळासमोर फिरतात.

गावाला सोबत घेताना गावभर करणे

कलम ७४ फक्त पत्रकारांसाठी आहे, असा पुष्कळांचा समज आहे. मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ज्यावरून ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायचं नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणंही यातच येतं, हे आपल्याच माणसांना सांगावं लागतं.

एका संस्थेचा उत्साही कार्यकर्ता. मुलगा घरी परतला होता, त्याला शिलाईच्या दुकानात शिकाऊ म्हणून लावायचं ठरलं होतं. याने गाव बाल संरक्षण समितीच्या बैठकीत विषयपत्रिकेवर मुलाचं नावच लिहिलं आणि "समन्वयासाठी" फोटोसह माहिती समितीच्या ग्रुपवर टाकली. संध्याकाळपर्यंत ती शेजारच्या गावात पोहोचली. शिंप्याने नको म्हणून सांगितलं. मुलाच्या धाकट्या बहिणीला आईने शाळेत पाठवणं थांबवलं. मी जाब विचारला तर म्हणतो, "पण मॅडम, समाजाचा सहभाग घ्या असं तुम्हीच सांगितलं होतं."

सांगितलं होतं. सहभाग म्हणजे माणसाकडे एक नेमकी गोष्ट मागणं. मुख्याध्यापकांना एवढंच सांगायचं: "एक मुलगा आठवीत घ्यायचाय, दाखला उशिरा येईल." सरपंचांना: "या घराचं रेशनकार्ड अडलंय." तालमीच्या वस्तादांना: "याला संध्याकाळी येऊ द्या, आणि चार दिवस आला नाही तर मला कळवा." ज्याच्याकडून जे हवं, त्याला तेवढंच. कलम, गुन्हा, तारीख यातलं काहीही त्यांना लागत नाही, आणि विचारलं तरी द्यायचं नाही.

भलत्याच माणसाला प्रशिक्षण देणे

प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी असावा लागतो, सहायक फौजदारापेक्षा खालच्या दर्जाचा चालत नाही. प्रशिक्षणाला तो येतो, प्रमाणपत्र घेतो आणि त्याची बदली होते. रात्री दोन वाजता पोरगं आणलं जातं तेव्हा समोर असतो ठाणे अंमलदार, आणि त्याला कुणी काही शिकवलेलं नसतं. मी आता आयोजकांना आधीच अट घालते: ठाणे अंमलदार आणि रायटर (ठाण्यातलं लिखापढीचं काम करणारा) आल्याशिवाय मी येणार नाही. स्लाइड दाखवत नाही. स्टेशन डायरीचं कोरं पान देते आणि म्हणते, लिहा. गुन्हा निर्घृण, म्हणजे कायद्याने सर्वांत गंभीर मानलेल्या प्रकारातला नसेल आणि सोबत प्रौढ आरोपी नसेल, तर नियमांप्रमाणे गुन्हा नोंदवायचा नाही, डायरीत नोंद करून सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे पाठवायचा. हे ऐकताना सगळे माना डोलावतात. लिहायला बसले की निम्म्यांचा हात मुलासाठी वापरायचाच नसलेल्या "आरोपी" या शब्दापासून सुरू होतो.

मंडळाच्या सदस्यांना, अगदी प्रधान दंडाधिकाऱ्यांनाही, नेमणुकीपासून ६० दिवसांत प्रशिक्षण द्यावं असं कायदाच सांगतो. ते खरंच कधी मिळालं, हे आपापल्या जिल्ह्यात विचारून बघा.

समाजसेवेचा आदेश हवेत सोडणे

१९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला मोटारीच्या धडकेत दोघांचा जीव गेला आणि सतरा वर्षांच्या मुलाला जामीन देताना घातलेल्या ३०० शब्दांच्या निबंधाच्या अटीवर अख्खा महाराष्ट्र तुटून पडला. राग समजण्यासारखा होता. पण वाहतूक पोलिसांसोबत १५ दिवस काम करण्याचीही अट होती, तिच्यावर फारसं कुणी बोललं नाही. मंडळ मुलाला समाजसेवा करायचा आदेश देतं, तेव्हा आमच्या कामात खरा प्रश्न तिथेच असतो: कुणाच्या हाताखाली, कोणतं काम, हजेरी कोण मांडणार. केंद्राच्या नियमांत समाजसेवेची उदाहरणंच दिलेली आहेत. बाग सांभाळणं, वृद्धांची सेवा, रुग्णालयात मदत, वाहतूक स्वयंसेवक. वय चौदाच्या वर हवं. पोलीस ठाणं झाडून घेणं त्यात कुठेही नाही, तरी तेच करून घेतलं जातं.

आदेश आल्यावर जागा शोधत फिरू नका. रुग्णालय, वृद्धाश्रम, उद्यान विभाग यांच्याशी आधीच बोलून ठेवा, आणि संस्थेचं नाही तर माणसाचं नाव लिहून घ्या.

बाकीच्या, पटापट

वयासाठी आधार कार्ड जोडणे. कलम ९४ मध्ये आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी.

"फक्त रात्रीपुरतं लॉकअपमध्ये." नाही. एका तासापुरतंही नाही.

पोलिसांनी गणवेशात मुलाला आणणे, त्याला बेड्या घालणे. यावर अजून लिहावं लागतं याचाच कंटाळा येतो.

"गुन्हा अजामीनपात्र आहे" म्हणून जामिनाचा अर्जच न करणे. कलम १२ वाचा, मुलांच्या बाबतीत तो फरक उरत नाही.

हरवलेलं, भीक मागणारं मूल बाल न्याय मंडळापुढे उभं करणे. ते बाल कल्याण समितीकडे जातं.

जुन्या फोन नंबरांवर विसंबणे. पोलीस, शिक्षक, ग्रामसेवक, सगळ्यांच्या बदल्या मे-जूनमध्ये होतात. मी जूनच्या अखेरीस यादीतल्या प्रत्येक नंबरवर फोन करते, आणि ज्याची बदली झाली त्याच्याकडूनच नव्या माणसाचं नाव आणि नंबर घेते.