प्रमोशनच्या फाईलआधी: आपले शोधनिबंध आणि त्यांचे दाखले

पदोन्नतीच्या मुलाखतीला तीनेक महिने असतानाच ही तयारी हातात घ्या. यातली बरीच कामं दुसऱ्याच्या उत्तरावर अडून राहतात. स्कोपसकडे, म्हणजे शोधनिबंध आणि त्यांचे दाखले नोंदवणाऱ्या माहितीकोशाकडे, दुरुस्ती मागितली की वाट बघावी लागते, जुना सहलेखक परगावी गेलेला असतो, जर्नलचा अंक गावाकडच्या माळ्यावर पडलेला असतो. आणि सगळ्यात वेळ खाणारं काम म्हणजे आपला दाखला (सायटेशन, म्हणजे दुसऱ्याच्या लेखात आपल्या निबंधाचा संदर्भ) कोणी, कशासाठी दिला हे वाचून बघणं. बहुतेक जण तेच शेवटच्या रात्रीवर ढकलतात आणि मग नुसता दाखल्यांचा आकडा लिहून मोकळे होतात. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या कॉलेजांत राहून संशोधन करणाऱ्यांनी तर ते सगळ्यात आधी करावं, कारण आपल्या कामाचा मोठा भाग त्या आकड्यात येतच नाही.

सुरुवात साध्या यादीनं. पहिल्या निबंधापासून कालपरवाच्या निबंधापर्यंत सगळं एका वहीत किंवा एक्सेलमध्ये उतरवा: शीर्षक छापलंय तसंच, लेखक छापलेत त्याच क्रमानं, जर्नल, खंड, अंक, पानं, साल, आयएसएसएन (जर्नलचा ओळखक्रमांक) आणि असेल तर डीओआय (निबंधाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक). डीओआय १० या आकड्यानं सुरू होतो. तो doi.org/ च्या पुढं जोडून ब्राउझरमध्ये टाकून आपलाच निबंध उघडतोय ना, हे प्रत्येकाचं तपासा. पीएच.डी.चा प्रबंध शोधगंगेवर आहे का, तेही बघा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं हे भांडार सगळ्यांना खुलं आहे, आणि नवे विद्यार्थी पुष्कळदा तिथूनच आपल्या कामापर्यंत पोचतात. प्रबंध तिथं सापडला नाही तर शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात जाऊन चौकशी करा.

मग नाव. आपल्याकडे खरा घोळ इथंच होतो. पाटील, जाधव, शिंदे, चव्हाण या आडनावांची माणसं एकेका विभागात दोन-दोन सापडतात, आणि ‘एस. आर. पाटील’ एवढंच छापलं की तो रसायनशास्त्राचा की इतिहासाचा, हे मशीनला कुठून कळणार? उलटही होतं. विद्यार्थीदशेत पूर्ण नाव छापलेलं, नंतर नुसती आद्याक्षरं, एखाद्या परदेशी जर्नलनं वडिलांचं नाव आडनाव समजून घातलेलं. मग एकाच माणसाच्या तीन प्रोफाइल तयार होतात आणि दाखले तिघांत वाटले जातात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या प्राध्यापिकांचं तर यात फार नुकसान होतं, दहा वर्षांचं काम दुसऱ्याच कुणाचं असावं तसं बाजूला पडतं. म्हणून ऑर्किड क्रमांक, म्हणजे नाव बदललं तरी न बदलणारा संशोधकाचा ओळखक्रमांक, आजच काढा. २०१२ पासून ही सोय आहे, पैसे लागत नाहीत. क्रमांक सोळा स्थानांचा असतो, चार-चारच्या गटांत लिहिलेला, आणि शेवटच्या जागी कधी अंकाऐवजी ‘एक्स’ येतो, त्यानं घाबरू नका. त्यात इतर नावांची जागा असते. तिथं माहेरचं नाव, आद्याक्षरांची सगळी रूपं, जुनं स्पेलिंग, सगळं भरा. इथून पुढच्या प्रत्येक निबंधावर नावाचं एकच रूप ठेवा. स्कोपसवर स्वतःला या सगळ्या रूपांनी शोधा आणि दोन प्रोफाइल निघाल्या तर त्या एक करण्याची विनंती लगेच पाठवा. विद्वान या संशोधकांची माहिती ठेवणाऱ्या इन्फ्लिबनेटच्या पोर्टलवरची माहितीही याच वेळी ताजी करून घ्या.

गुगल स्कॉलरची प्रोफाइल स्वच्छ करायला एक दुपार पुरते. तिथं निबंध आपोआप जमा होण्याची सोय असते आणि त्यामुळे नावसाधर्म्यानं दुसऱ्याचे निबंध आपल्या खात्यात येऊन बसतात. ती सोय बंद करून ‘आधी मला विचारा’ हा पर्याय निवडा. एकच निबंध दोनदा आला असेल तर दोन्ही नोंदी जोडा. जे आपले नाहीत ते काढून टाका, आकडा निम्म्यावर आला तरी. कुणा नावबंधूच्या कष्टाचे दाखले आपल्या नावावर ठेवून समितीपुढं जाणं योग्य नाही, आणि विषयतज्ज्ञाच्या नजरेतून ते सुटतही नाही.

आता आकडे. गुगल स्कॉलर, स्कोपस आणि स्कोपससारखाच दुसरा माहितीकोश वेब ऑफ सायन्स या तिन्ही ठिकाणी तुमचा आकडा वेगळा येणार, कारण प्रत्येकाची मोजायची हद्द वेगळी. गुगल स्कॉलर प्रबंध, पुस्तकं, अजून न छापलेले मसुदेही धरतो. बाकीचे दोघे त्यांनी स्वतः निवडलेल्या जर्नलांपुरतं आणि ग्रंथांपुरतं बघतात. उसाच्या एकाच ट्रॉलीचं वजन तीन काट्यांवर वेगळं आलं तर त्यांची बेरीज कोणी करत नाही. इथंही करू नका. प्रत्येक आकड्यापुढं कुठला आणि कोणत्या तारखेचा, हे लिहा. एच-इंडेक्स होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ मध्ये सुचवला: जितक्या निबंधांना किमान तितकेच दाखले आहेत, तो आकडा. तो स्वतः हातानं एकदा काढून बघा. समजा तुमच्या सहा निबंधांना अनुक्रमे ४०, २२, ९, ६, ५ आणि ३ दाखले आहेत. पाच निबंधांना किमान पाच-पाच दाखले आहेत, म्हणून एच-इंडेक्स ५. आता पहिल्या निबंधाचे दाखले ४० वरून ४०० झाले तरी तो ५ च राहतो. हे एकदा कागदावर केलं की त्या आकड्याची मर्यादा कळते, आणि मुलाखतीत कुणी ‘एवढा कमीच का?’ विचारलं तर शांतपणे उत्तर देता येतं. इम्पॅक्ट फॅक्टर तर जर्नलचा असतो, तुमच्या निबंधाचा नव्हे: आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना त्या वर्षी सरासरी किती दाखले मिळाले, एवढंच तो सांगतो.

इथून पुढं मुख्य काम. दाखल्यांची मोजदाद ज्यानं उभी केली त्या युजीन गारफिल्डनं १९५५ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स ही दाखल्यांची सूची बाजारात आणली. त्याच्यापुढं नमुना होता तो अमेरिकेतल्या वकिलांच्या एका सूचीचा. जुना निकाल कोर्टात मांडण्याआधी वकील त्या सूचीत बघत असे की पुढच्या न्यायालयांनी तो उचलून धरला की फिरवला. म्हणजे मुळात प्रश्न होता तो पुढच्या माणसानं आधीच्या कामाचं काय केलं याचा. तोच प्रश्न आपण आपल्या निबंधांना विचारायचा.

समजा तुमचा निबंध पंचगंगेच्या पाण्यातल्या जड धातूंवर आहे. त्याचा दाखला देणारा प्रत्येक लेख उघडा, त्यात आपलं नाव शोधा आणि ते पूर्ण वाक्य वहीत उतरवून घ्या. एकात असेल, ‘पंचगंगेच्या पाण्याचा अभ्यास अनेकांनी केला आहे’, आणि पुढं सात नावांत तुमचं एक. दुसऱ्यात असेल, ‘नमुने नृसिंहवाडीच्या संगमापर्यंत पाटील आणि सहकारी यांच्या पद्धतीनं घेतले.’ तिसऱ्यात असेल, ‘आमचे पावसाळ्यातले आकडे पाटील यांच्यापेक्षा बरेच कमी आले, त्यांनी नमुने साखर कारखान्यांच्या गाळप हंगामात घेतले होते.’ मोजणीत तिन्हींची किंमत एकेक. पण तिसऱ्या माणसानं तुमचा निबंध ओळन्‌ओळ वाचला, तुमच्या आकड्यांशेजारी स्वतःचे आकडे मांडले आणि फरकाचं कारणही शोधलं. संशोधकाच्या वाट्याला याहून मोठा मान क्वचितच येतो. असा विरोधी दाखला लपवू नका, उलट ठळक करा.

दुसऱ्या प्रकाराला, म्हणजे पद्धतीसाठी दिलेल्या दाखल्याला, काही जण कमी लेखतात. तसं करू नका. प्रथिनं मोजण्याची रीत सांगणारा ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा निबंध बघा. २०१४ पर्यंत त्याला तीन लाखांहून अधिक दाखले मिळाले होते. प्रयोगशाळेतल्या कामाचा रोजचा आधार असाच असतो. मात्र एखाद्यानं तुमच्या तोंडी भलतंच वाक्य घातलं असेल, तर त्या लेखकाला दोन ओळींची सभ्य मेल पाठवा, सोबत आपल्या निबंधातलं नेमकं पान जोडा, आणि त्या मेलची प्रत फाईलला लावा. तो दाखला स्वतःच्या जमेत धरू नका. आपण स्वतःच दिलेले दाखले वेगळे काढा. सहलेखकांनी दिलेले त्याखाली, आणि परक्यांनी दिलेले सर्वांत वर. स्वतःचा दाखला देणं गैर नाही, मालिकेतलं पुढचं काम असेल तर द्यावाच लागतो; फक्त ते झाकून ठेवू नये.

मराठीत लिहिणाऱ्यांनी, आणि इथल्या मातीवर काम करणाऱ्यांनी, पुढचा भाग मन लावून करावा. शाहूकाळावर कुणी कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात बसून दप्तरं वाचली आणि मराठीत लिहिलं, तर त्याचे दाखले मराठी पुस्तकांच्या तळटीपांत येतात, आणि तिथवर स्कोपस पोचत नाही. ते आपल्यालाच शोधावे लागतात. १८५० सालापासूनच्या करवीर नगर वाचन मंदिरात जा, आपल्या विषयावरची अलीकडची पुस्तकं घेऊन संदर्भसूची आणि तळटीपा चाळा. सापडलं की तीन पानांच्या झेरॉक्स घ्या: मुखपृष्ठ, प्रकाशकाची माहिती असलेलं पान आणि दाखला असलेलं पान. कोल्हापुरी चपलेवर काम असेल तर शोध बेळगाव, बागलकोटपर्यंत न्या. २०१९ च्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, तेव्हा कन्नडमधल्या लेखनातही तुमचं नाव असू शकतं. गुळावर, महापुरावर, राधानगरीच्या जंगलावर काम केलेल्यांनी सरकारी अहवाल, महापालिकेची कागदपत्रं, पाठ्यपुस्तकं हेही बघावं. समितीला हे पटवायला आधार हवा असेल तर संशोधनाचं मूल्यमापन कसं करावं हे सांगणारा २०१५ चा लायडन जाहीरनामा वाचून जा. त्याच्या दहा तत्त्वांपैकी एक स्पष्ट सांगतं की स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला संरक्षण मिळालं पाहिजे.

जर्नलांचे पुरावे ही बाब किचकट, पण लवकर उरकते. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्य जर्नलांची केअर यादी २०१९ मध्ये आली आणि ती बंद केल्याचं फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झालं. ज्या काळात निबंध छापला त्या काळात जर्नल यादीत होतं, याचा तारखेसह पुरावा जपून ठेवा. छापील जर्नलच्या नावानं खोटी वेबसाइट काढून पैसे उकळण्याचे प्रकार झालेत, त्यामुळे आपला निबंध मूळ अंकात खरंच आहे ना, हे अंक हातात घेऊन बघा. गुण मोजताना यूजीसीची २०१८ ची नियमावली समोर ठेवा: विज्ञान शाखेत निबंधाला ८, भाषा आणि मानव्यविद्येत १०, वर इम्पॅक्ट फॅक्टरनुसार वाढीव गुण. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला एकूण गुणांच्या ७० टक्के. त्याहून जास्त असतील तर पहिल्या, मुख्य किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के. लेखकांचा क्रम छापील पानावरूनच घ्या, आठवणीवरून नको.

शेवटच्या आठवड्यात तिन्ही ठिकाणचे आकडे एकाच दिवशी पुन्हा घ्या, पानांची छायाचित्रं तारखेसकट छापा आणि फाईलमधल्या लिंका दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. मग निवडक आठ-दहा दाखल्यांचा एक पानी तक्ता करा: कोणी दिला, कुठं, कोणत्या वाक्यात, कशासाठी. तो परिशिष्टात गाडू नका, बायोडाटाच्या लगेच मागं लावा. तुमचा निष्कर्ष खोडणारे किंवा पुढं नेणारे दोन-तीन लेख पूर्ण वाचून, त्यांच्या प्रती घेऊन जा. समितीतला विषयतज्ज्ञ त्यातल्या एखाद्यावर नक्की बोट ठेवेल आणि मुलाखत तिथून पुढं तुमच्या विषयावर चालेल.