डॉक्टरांकडे जाण्याआधी मोबाईलवर लक्षणं शोधताय? या चुका टाळा

इंदूरला रामबागेच्या बाजूला आमची पॅथॉलॉजी लॅब आहे. सकाळी उपाशीपोटी आलेल्यांची रांग लागते आणि हल्ली रांगेतल्या बहुतेकांच्या हातात मोबाईल उघडा असतो. आपल्याला काय झालंय, हे डॉक्टरांनी सांगण्याआधीच त्यांचं ठरलेलं असतं.

वाचूच नका, असं मी कधीच म्हणणार नाही. थोडं वाचून आलेला पेशंट आपली तक्रार नीट सांगतो, डॉक्टरांचंही काम सोपं होतं. पण वाचून दोनच गोष्टी ठरवायच्या: किती घाईनं जायचं आणि गेल्यावर काय सांगायचं. आजाराचं नाव ठरवायला बसलात की पुढच्या चुका एकामागून एक होत जातात.

आजाराचं नाव घालून शोधणं

ही माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक. आधी मनाशी ठरवायचं की हा गॅसच आहे, आणि मग तेच शब्द टाइप करायचे. मोबाईल जे विचाराल त्याचंच उत्तर देतो. ‘गॅसमुळे छातीत दुखणे’ असं लिहिलंत तर ओवा, हिंग, लिंबू-सोडा हेच वर येणार. हृदयाचा उल्लेख असलाच तर कुठे तरी खाली, आणि तिथपर्यंत कोणी पोचत नाही.

मागे जानेवारीत एक काका आले. आदल्या रात्री पाहुण्यांना घेऊन सराफ्यात, आमच्याकडच्या रात्रीच्या खाऊबाजारात गेले होते, गराडू म्हणजे तळलेला कंद खाल्ला होता. रात्री दोनच्या सुमारास छातीच्या मध्यावर, पोटाच्या जरा वर जळजळ सुरू झाली. काकूंनी ओवा दिला, मग ईनो दिलं. काका ॲसिडिटीचे घरगुती उपाय वाचत बसले. वाचता वाचता एका पानावर कोलेस्टेरॉलचं काहीतरी दिसलं, म्हणून सकाळी लिपिड प्रोफाइल करून घ्यायला स्वतः स्कूटर चालवत आमच्याकडे आले.

नस बघायला मी हात धरला तर तो गार आणि ओला. बाहेर बाकावर सगळे स्वेटर-मफलर घालून बसलेले आणि यांचा शर्ट पाठीला चिकटलेला.

“काका, घाम कधीपासून येतोय?”

“पहाटेपासून. गॅस अडकलाय गं, एक ढेकर आला की मोकळं होईल. तू पटकन रक्त घे, मी उपाशी आहे.”

रक्त घेतलं नाही. त्यांना आडवं करून ईसीजी काढला. वरच्या मजल्यावर बसणाऱ्या डॉक्टरांनी पट्टी बघितली, ॲस्पिरिन चावायला दिली आणि १०८ ला फोन करायला सांगितलं. हृदयाच्या खालच्या भागाचा अटॅक होता. या प्रकारात दुखणं पुष्कळदा पोटाच्या वरच्या बाजूला जाणवतं, मळमळतं, ढेकर द्यावासा वाटतो. काकांची अँजिओप्लास्टी झाली, ते वाचले. पण रक्तवाहिनी बंद झाली की पुढचा स्नायू तासागणिक मरत जातो, आणि त्यांचे पाच-सहा तास ओव्यात गेले होते. आता दोन जिने चढले की त्यांना मध्ये थांबावं लागतं.

मधुमेह असलेल्यांना, म्हाताऱ्या माणसांना आणि बायकांना तर कधी कधी छातीत दुखतही नाही. नुसता दम लागतो, घाम फुटतो, जबडा नाही तर पाठ दुखते. पहिला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. ट्रोपोनिन नावाची रक्ततपासणीही दुखणं सुरू झाल्यावर काही तासांनी वर जाते. म्हणून एका तपासणीवर ‘सुटलो’ म्हणून घरी परतायचं नाही. मनगटावरच्या घड्याळातला ईसीजी हार्ट अटॅक ओळखण्यासाठी नसतो, तोही कोणी मला दाखवू नये.

माझी सवय सांगते. घरात कोणाला काही झालं की मी मोबाईलच्या आधी कागद घेते. कुठे दुखतं, कधी सुरू झालं, कशानं वाढतं, कशानं थांबतं, सोबत आणखी काय होतं. आजाराचं नाव कागदावर येऊ द्यायचं नाही. मग शोधायचंच असेल तर तेच शब्द जसेच्या तसे टाकायचे: ‘छातीच्या मध्यावर जळजळ, घाम, मळमळ, वय ५८, मधुमेह’. येणारी उत्तरं लगेच बदलतात. तोच कागद पुढे डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचा.

२०१५ साली हार्वर्डच्या संशोधकांनी लक्षणं टाकली की आजार सांगणारी २३ संकेतस्थळं आणि ॲप तपासली होती. खरा आजार पहिल्या नंबरवर आला ३४ टक्के वेळा. पण तातडीच्या रुग्णाला ‘ताबडतोब जा’ असं मात्र ८० टक्के वेळा बरोबर सांगितलं गेलं. आजाराचं नाव सांगण्यात ही साधनं कच्ची निघाली, घाई ओळखण्यात त्यामानाने बरी. मी त्यांचा उपयोग तेवढाच करते.

आणि काही वेळा मोबाईल उघडायचाच नाही. छातीवर दाब, तोंड एका बाजूला ओढलं जाणं, बोलणं अचानक अडखळणं, एक हात-पाय लुळा पडणं, बसल्या जागी दम लागणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी अचानक डोकेदुखी. थेट १०८. लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी सीटी स्कॅनही व्हायचा असतो. वाचत बसायला त्यात जागा कुठे आहे?

डॉक्टरांच्या आधी पॅकेज

माझं पोट लॅबवर चालतं, तरी हे लिहिते. थकवा वाटतो म्हणून ‘फुल बॉडी’ पॅकेज करायचं, रिपोर्टमध्ये ठळक छापलेले आकडे निवडायचे आणि एकेक गूगलवर टाकायचा, ही दुसरी चूक.

रिपोर्टच्या उजव्या बाजूला जी नॉर्मलची मर्यादा छापलेली असते, ती बहुतेक तपासण्यांत निरोगी लोकांच्या मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरवतात. म्हणजे ठणठणीत माणसांतलेही शंभरात पाच त्या मर्यादेबाहेर असतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकदम केल्यात, तर काहीही झालेलं नसताना एखादा तरी आकडा ठळक येण्याची शक्यता ६४ टक्के. पॅकेजमध्ये तर साठ-सत्तर आकडे असतात. साखर आणि कोलेस्टेरॉलच्या मर्यादा वेगळ्या हिशेबानं ठरतात, त्यांना हे लागू नाही. पण एखादा एन्झाइम दोन-तीन अंकांनी वर दिसला म्हणून रात्रभर लिव्हरबद्दल वाचत बसणारे लोक मी पाहते, आणि मला फार वाईट वाटतं.

एका मुलीचं सांगते. केस गळतात म्हणून तिनं मनानंच थायरॉइड केलं. थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन टीएसएच खूप कमी, थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन टी-४ जास्त. आईनं वाचलं, थायरॉइड जास्त काम करतंय, डोळे बाहेर येतात, गरोदरपणात त्रास होतो. घरात लग्नाची बोलणी चाललेली. माय-लेकी रडवेल्या होऊन काउंटरवर उभ्या. मी विचारलं, “केसांसाठी काही गोळी चालू आहे का?” होती, बायोटिन या व्हिटॅमिनची, १० मिलिग्रॅमची, रोज. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं सुमारे ३० मायक्रोग्रॅम. ती गोळी तीनशेपटीहून जास्त देत होती.

थायरॉइड मोजण्याच्या काही पद्धतींत बायोटिन हा त्या चाचणीचाच एक भाग असतो. रक्तात ते जास्त असलं की आकडे उलटसुलट येतात: टीएसएच खोटं कमी, टी-४ खोटं जास्त. अमेरिकेत औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएनं २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता, कारण हार्ट अटॅकसाठी करतात त्या ट्रोपोनिनचा आकडाही यामुळे खोटा कमी येऊ शकतो. मुलीला डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी गोळी बंद केली, काही दिवसांनी पुन्हा तपासलं, दोन्ही आकडे नॉर्मल. थायरॉइडच्या गोळ्या मनानं सुरू केल्या असत्या तर तिचं काय झालं असतं, हा विचार मला अजूनही नको वाटतो.

कुठली तपासणी करायची हे डॉक्टरांना ठरवू द्या. पैसेही वाचतात.

आधी गोळी, मग डॉक्टर

ताप आला की लोक तीन गोळ्यांची अझिथ्रोमायसिनची पट्टी घेतात. उतरला नाही तर डॉक्टर, ते टायफॉइडच्या शंकेनं ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघायची तपासणी लिहून देतात, आणि आमच्याकडे जंतू उगवतच नाही. जंतू गेलेला नसतो, अर्धवट दबलेला असतो. मग डॉक्टरांना अंदाजानं औषध द्यावं लागतं. विडाल ही टायफॉइडची दुसरी रक्ततपासणी, पण एकट्या तिच्यावर भिस्त ठेवावी अशी ती नाही.

पावसाळ्यानंतरच्या तापात अंग ठणकतं म्हणून ब्रुफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन घेऊ नका. डेंग्यू असला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. वजनाच्या हिशेबानं पॅरासिटामॉल, एवढंच. डेंग्यूच्या विषाणूचा अंश शोधणारी एनएस-१ तपासणी पहिल्या पाचेक दिवसांत उपयोगी, अँटिबॉडी त्यानंतर दिसतात. चुकीच्या दिवशी मनानं केलेली ‘निगेटिव्ह’ तपासणी लोकांना निर्धास्त करते. आणि डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरं लक्ष ठेवायचं असतं: पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त. आपल्याकडे ताप उतरला की बाई उठून स्वयंपाकाला लागते.

गजकर्णाला मेडिकलमधून आणलेलं मिक्स मलम लावू नका. त्यातल्या स्टेरॉइडनं खाज थांबते, बुरशी पसरत जाते आणि डाग असा बदलतो की स्किनच्या डॉक्टरांनाही चटकन ओळखू येत नाही.

बाकीच्या

बीपी जिना चढून आल्या आल्या मोजू नये. पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीला.

ऑक्सिमीटर लावताना नेलपेंट काढा, हात गार असेल तर चोळून गरम करा.

पुरळ येतं आणि जातं. आलेलं असताना उजेडात फोटो काढून ठेवा.

लहान बाळाचं काही शोधू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर, रात्र असली तरी.

रील पाहून व्हिटॅमिन डी-चे ६०,००० युनिटचे सॅशे रोज घेणारे भेटतात. ते साधारणपणे आठवड्याला एक असं, तेही ठरावीक आठवडे लिहून देतात. रोज घेतलं तर रक्तात कॅल्शियम वाढतं आणि किडनीवर बेततं.

डॉक्टरांना ‘मला मायग्रेन आहे’ म्हणू नका. ‘आठवड्यातून दोनदा डोक्याची एक बाजू ठणकते, उजेड सहन होत नाही’ असं सांगा. वाचलेलं लपवूही नका. “मी अमुक वाचलं, मला त्याची भीती वाटते,” असं सरळ म्हटलं की चांगला डॉक्टर त्याचं उत्तर देतो. रागावलाच, तर दुसरा डॉक्टर बघा.

मनसोक्त वाचायचंच असेल तर निदान झाल्यावर वाचा. तेव्हा आजाराचं नाव घालून शोधलं तर चालतं, उलट तेव्हाच शोधावं. मी अमेरिकेचं सरकारी संकेतस्थळ मेडलाइनप्लस आणि ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची, एनएचएसची पानं बघते, कारण तिथे कोणी काही विकत नसतं. वाचताना प्रश्न सुचतात ते त्याच कागदाच्या मागे लिहायचे आणि पुढच्या खेपेला विचारायचे.

आणि रक्त द्यायला याल तेव्हा घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. केसांच्या, ताकदीच्या, आयुर्वेदिक, शेजारच्या वहिनींनी दिलेल्या, सगळ्या. सुई टोचण्याआधी काउंटरवर दाखवा.