व्यावसायिक सेवा देणाऱ्या फर्ममध्ये उद्दिष्टांचा साप्ताहिक आढावा कसा घ्यावा

सल्ला, लेखापरीक्षण, वकिली, वास्तुरचना किंवा सॉफ्टवेअर सेवा देणाऱ्या फर्मकडे विकण्यासाठी मुख्यतः माणसांचे तासच असतात आणि वापराविना गेलेला तास पुढच्या महिन्यासाठी शिल्लक ठेवता येत नाही. महिनाअखेरीचा ताळेबंद हातात येतो तेव्हा त्या महिन्याबाबत करण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. आठवडा हा सुधारणेला वाव देणारा कालावधी आहे. म्हणून साप्ताहिक आढाव्यासाठी आकडे निवडताना एकच कसोटी लावावी: हा आकडा बिघडलेला दिसला, तर याच आठवड्यात कोणी काही वेगळे करू शकेल का? उत्तर नकारार्थी असेल, तर तो आकडा मासिक अहवालात ठेवावा.

सुरुवात वार्षिक उद्दिष्टापासून न करता तिमाहीपासून करावी. अँडी ग्रोव्ह यांनी इंटेलमध्ये १९७० च्या दशकात रुजवलेली आणि गुंतवणूकदार जॉन डोअर यांनी १९९९ मध्ये गूगलमध्ये नेलेली ओकेआर पद्धतही (उद्दिष्टे आणि ती गाठल्याची मोजता येणारी फलिते ठरवण्याची पद्धत) बहुतेक ठिकाणी तिमाहीच्या चौकटीतच वापरली जाते. तिमाहीत १३ आठवडे असतात. मात्र उद्दिष्टाला सरळ १३ ने भागणे ही फसवी सोय आहे. समजा, तिमाहीत चार नवी कामे मिळवायची आहेत आणि आपल्याच मागील नोंदींनुसार तीन प्रस्तावांपैकी एक मंजूर होतो. म्हणजे १२ प्रस्ताव हवेत. आठवड्याला एक पुरेसा आहे असे वरवर वाटते. पण प्रस्ताव पाठवल्यापासून होकार येईपर्यंत साधारण सहा आठवडे जात असतील, तर हे बाराही प्रस्ताव पहिल्या सात आठवड्यांतच गेले पाहिजेत आणि आठवड्याचे लक्ष्य जवळजवळ दोनवर जाते. हा हिशेब न केल्यामुळे पुष्कळ फर्म नवव्या आठवड्यापर्यंत निश्चिंत असतात आणि मग त्यांची धावपळ सुरू होते.

पाच-सहा आकड्यांहून अधिक आकडे आठवड्याच्या पत्रकात नसावेत. पाठवलेले प्रस्ताव, बिलेबल तासांचे (म्हणजे ग्राहकाला बिल लावता येईल अशा कामावरच्या तासांचे) प्रमाण, पूर्ण झालेले परंतु बिल न केलेले काम, थकलेली येणी आणि चालू कामांची अंदाजाशी तुलना एवढे बहुतेकांना पुरते. प्रत्येक आकड्याची व्याख्या मात्र लेखी हवी, कारण वाद नेहमी तिथेच होतात. सहा जणांचे आठवड्याचे ४० तास धरले तर २४० तास होतात. त्यांपैकी १६ तास रजेचे असले आणि १५२ तास ग्राहकांच्या कामावर गेले, तर २४० वर भागल्यास प्रमाण ६३ टक्के येते, तर रजा वगळून २२४ वर भागल्यास ६८ टक्के. दोन्ही पद्धती ग्राह्य आहेत. पण एका आठवड्यात एक आणि पुढच्या आठवड्यात दुसरी वापरली, तर तुलनेला अर्थ राहत नाही. माझे मत रजा वगळण्याकडे झुकते, कारण हाताशी असलेल्या वेळेचे काय झाले हे साप्ताहिक आढाव्यात कळायला हवे.

केवळ हे प्रमाण पाहून समाधान मानू नये. ६० तासांचा अंदाज बांधून ठरावीक शुल्कावर घेतलेले काम घ्या. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस त्यावर ४५ तास खर्च झाले आहेत, पण काम निम्मेच झाले आहे. टाइमशीटवर, म्हणजे कोणत्या कामावर किती तास गेले याच्या नोंदपत्रकावर, हे सगळे तास बिलेबल दिसतात आणि प्रमाण उत्तम येते. प्रत्यक्षात याच गतीने काम ९० तासांवर जाईल आणि वरच्या ३० तासांचे पैसे मिळणार नाहीत. म्हणून प्रत्येक चालू कामासमोर अंदाजित तास, खर्च झालेले तास आणि काम संपवण्यासाठी आणखी लागणारे तास असे तीन रकाने ठेवावेत. तिसरा रकाना प्रत्यक्ष काम करणाऱ्याने दर आठवड्याला नव्याने भरायचा असतो. अंदाजातून खर्च झालेले तास वजा करून तो भरला, तर त्यातून काहीच कळत नाही. फरक दिसताच, मूळ कराराबाहेरच्या मागण्या कोणत्या याची यादी करून ग्राहकाशी त्याच आठवड्यात बोलावे. काम चालू असताना अतिरिक्त शुल्काचा विषय काढणे रास्त ठरते. काम सुपूर्द केल्यावर तोच विषय तक्रारीसारखा ऐकू येतो.

येण्यांच्या बाबतीत वसुलीला लागणाऱ्या सरासरी दिवसांचा आकडा आठवड्याला फारसा हलत नाही. त्याऐवजी ३० आणि ६० दिवसांपुढे गेलेल्या बिलांची नावानिशी यादी ठेवावी आणि प्रत्येकासमोर कोण फोन करणार ते लिहावे. बिल न केलेल्या कामाचेही तसेच. बिल उशिरा निघाले की वसुलीही तेवढीच लांबते.

हे सगळे टाइमशीटवर उभे आहे आणि आठवणीने भरलेले टाइमशीट विश्वासार्ह नसते, म्हणून तास त्याच दिवशी नोंदवण्याचा नियम भागीदारांनी स्वतः पाळावा. मात्र व्यक्तिनिहाय तासांची क्रमवारी सर्वांसमोर मांडू नये. तसे केल्यास लोक तास फुगवून लिहू लागतात किंवा काम सहकाऱ्याकडे सोपवण्याऐवजी स्वतःकडेच अडवून ठेवतात.

पत्रक शुक्रवारी संध्याकाळपर्यंत भरून पूर्ण व्हावे आणि सोमवारी सकाळी अर्ध्या तासाची बैठक घ्यावी. प्रत्येक आकड्याला एकच जबाबदार व्यक्ती असावी; दोघांची नावे लिहिली की जबाबदारी कोणाचीच राहत नाही. आकडे वाचून दाखवण्यात वेळ घालवू नये, ते सर्वांनी आधीच पाहिलेले असावेत. लक्ष्याप्रमाणे चाललेल्या ओळी सोडून द्याव्यात आणि मागे पडलेल्या एक-दोन ओळींवरच बोलावे. प्रस्तावांसारखे लहान आकडे एका आठवड्यात सहज वरखाली होतात, म्हणून त्यांच्याशेजारी चार आठवड्यांची सरासरी द्यावी आणि सलग दोन आठवडे घसरण दिसल्यासच कारणांत शिरावे. काम अंदाजाबाहेर जाणे किंवा बिल थकणे यासाठी मात्र अशी वाट पाहू नये. प्रत्येक चर्चेचा शेवट कोणी, काय, कोणत्या दिवसापर्यंत करायचे या एका ओळीने व्हावा आणि पुढची बैठक त्याच ओळींपासून सुरू व्हावी. एखादी कृती तीन आठवडे तशीच पुढे ढकलली जात असेल, तर ती रद्द करावी किंवा दुसऱ्याकडे सोपवावी.

तिमाहीच्या मध्यात लक्ष्य बदलू नये, मग ते कितीही अवघड वाटो. तेराव्या आठवड्यात मात्र तासभर बसून कृतींची नोंदवही चाळावी. ज्या आकड्यावरून तिमाहीभरात एकही निर्णय झाला नाही, तो पत्रकातून काढून टाकावा आणि त्याच्या जागी दुसरा घ्यायचा असल्यास त्याची व्याख्या नवी तिमाही सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवावी.