बैठे काम आणि मनगटावरचे घड्याळ

विरारहून लोकलने चर्चगेटला येऊन दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्याने पहिला आठवडा काहीही न बदलता फक्त नोंद ठेवावी. फोनमधील आरोग्याचे अ‍ॅप किंवा मनगटी पट्टा पावले आपोआप मोजतो; त्यातील तासवार आलेख पाहिला, की सलग बसण्याचे पट्टे कोठे पडतात ते स्पष्ट दिसते. गाडीत उभ्याने केलेला प्रवास बैठा गणला जात नाही, एवढे तरी गर्दीचे उपकार मानावेत.

त्यानंतर हालचालीची आठवण देणारी सूचना चालू करावी. अ‍ॅपल वॉच तासाची पहिली ५० मिनिटे बसून गेल्यास उठण्याची सूचना देते. इतर उपकरणांत कामाच्या वेळा सेटिंगमध्ये निवडाव्यात, कारण बैठकीत किंवा झोपेत वाजणारी सूचना माणूस दोन दिवसांत बंद करून टाकतो. प्रत्येक सूचनेला एक ठरलेली कृती जोडणे हे माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे: पाण्याची बाटली भरणे, फोनवर उभ्याने बोलणे, एक मजला जिन्याने उतरणे.

१०,००० पावलांचा आकडा १९६० च्या दशकातील एका जपानी पावलेमापकाच्या नावातून रूढ झाला. म्हणून तो वैद्यकीय नियम न मानता स्वतःच्या सरासरीत आधी हजारभर पावले वाढवावीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवला असून, बसणे कमी करण्याचा सल्ला वेगळा दिला आहे. गुडघेदुखी किंवा हृदयविकार असल्यास लक्ष्य डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.