नुसती लिंक टाकून ब्लॉगवर कोणी येत नाही

नवीन ब्लॉगवाले नेहमी विचारतात की पोस्ट कुठे कुठे टाकू. सगळीकडे टाकायच्या भानगडीत पडूच नका. माझा ब्लॉग रेसिपींचा, वाचणाऱ्या बहुतेक मावश्या-काकवा, त्यामुळे माझ्यासाठी आधी व्हॉट्सॲप, मग फेसबुक ग्रुप आणि वेळ उरला तर इन्स्टा.

पहिलं काम म्हणजे लिंक बघा कशी दिसतेय. पोस्टच्या पत्त्यात देवनागरी ठेवलं तर कॉपी करताना बऱ्याचदा प्रत्येक अक्षराची आणि प्रत्येक वेलांटी-मात्रेचीही नऊ-नऊ चिन्हं होतात, म्हणजे नुसतं 'उकडीचे-मोदक' एवढंच नव्वदच्या वर जातं, सगळी टक्क्याच्या (%) खुणांची आणि आकड्यांची खिचडी, आणि मग ग्रुपमधले काका म्हणणार हे उघडू नका, व्हायरस आहे! म्हणून पत्ता रोमन लिपीत आणि छोटा ठेवा, मथळा खुशाल मराठीत असू द्या. लिंकखाली फोटो येतोय का तेही आधी स्वतःलाच पाठवून बघायचं. फेसबुकवर जुनाच फोटो अडकून बसला असेल तर त्यांचं शेअरिंग डिबगर नावाचं फुकट टूल आहे, त्यात लिंक टाकून परत स्क्रेप करायला, म्हणजे पानावरची माहिती नव्याने उचलायला सांगा.

आता सोबत काय लिहायचं? 'नवीन पोस्ट टाकलीये, नक्की वाचा' याला कोणी भीक घालत नाही. त्यापेक्षा असं लिहा, 'मोदकाच्या कळ्या पाडताना पारी चिरते? उकड गरम असतानाच तेल-पाण्याचा हात लावून मळा, बाकी प्रमाण लिंकमधे.' अर्धं उत्तर तिथेच देऊन टाकायचं. लोक म्हणतात मग ब्लॉगवर कोण येणार, तर येतात हो, ज्यांच्या हाताखाली पीठ आहे त्यांना पुढचं लागतंच. आणि हे चतुर्थीच्या आदल्या रात्री नाही, आठ-दहा दिवस आधी टाका, तेव्हा बायका पिठी आणायच्या तयारीत असतात. तीच पोस्ट पुढच्या वर्षी परत टाकायला लाजू नका.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमधे (एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा जातो ती यादी) 256 जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, त्यामुळे आधी नंबर सेव्ह करायला सांगा. खूप फिरलेला फॉरवर्ड 2020 पासून एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो, तेव्हा 'सगळ्यांना पाठवा' लिहून काही होत नाही, 'तुमच्या बहिणीला पाठवा' चालतं.

फेसबुक ग्रुपमधे आल्या आल्या लिंक टाकली की ॲडमिन उडवतात, आणि बरोबरच करतात. थोडे दिवस दुसऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्या, मग कोणीतरी स्वतःहून लिंक मागतं. इन्स्टाच्या कॅप्शनमधली लिंक दाबून उघडत नाही, बायोमधे किंवा स्टोरीच्या स्टिकरवर द्यावी लागते, एवढं लक्षात ठेवा.

आणि मोजायला शिका. व्हॉट्सॲपवरून आलेली माणसं ॲनालिटिक्समधे, म्हणजे ब्लॉगवर कोण कुठून आलं ते दाखवणाऱ्या टूलमधे, बहुतेक वेळा 'डायरेक्ट' (थेट आलेली) म्हणूनच दिसतात, म्हणून प्रत्येक ठिकाणच्या लिंकला वेगळा यूटीएम टॅग, म्हणजे माणूस कुठून आला ते सांगणारी लिंकच्या शेवटची खूण, जोडायचा. मी जोडला तेव्हा कळलं की ज्या रीलवर एवढे बदाम पडत होते तिथून जेमतेम कोणी येत होतं आणि सोसायटीच्या भिशीच्या ग्रुपातून रोज येत होते, तेव्हापासून रील करायचं मी जवळजवळ सोडूनच दिलं.